प्रायश्चित्ताची पावती

अमेरिकेत वैमानिकाच्या हातून आकाशात काही चुकलं, म्हणजे ठरवून दिलेल्या उंचीपेक्षा तो तीनशे फूट वर गेला किंवा मनाई असलेल्या हद्दीत त्याचं विमान शिरलं, तर उतरल्यावर तो एक फॉर्म भरू शकतो. फॉर्मच्या माथ्यावर एक पट्टी असते. तिच्यावर त्याचं नाव, पत्ता, फोन नंबर. खाली ऐसपैस जागा असते ती काय घडलं आणि का घडलं हे आपल्या शब्दांत लिहायला. हा फॉर्म विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या आणि ते मोडणाऱ्याला शिक्षा करणाऱ्या एफएएकडे जात नाही. तो जातो नासाकडे, चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या संस्थेकडे. तिथला जाणकार मजकूर वाचतो, वाटलं तर फोन करून दोन गोष्टी विचारून घेतो. मग ती माथ्यावरची पट्टी वेगळी केली जाते, तिच्यावर तारखेचा शिक्का बसतो आणि ती ज्याची त्याला पोस्टानं परत जाते. नासाकडे चूक राहते, चुकणारा राहत नाही. चुकणाऱ्याच्या हाती राहते ती शिक्क्याची पट्टी. पुढे एफएएनं त्याच चुकीसाठी त्याला धरलं तर ती दाखवायची. नियम मोडला, असा निष्कर्ष तरीही निघू शकतो, पण लायसन्स निलंबित होत नाही आणि दंडही भरावा लागत नाही.

शिक्षा करायचा अधिकार असलेल्या राज्यानं अशी पावती का द्यावी? ही काही दयाबुद्धी नव्हे, आणि वैमानिकांच्या संघटनांनी दबाव आणून पदरात पाडून घेतलेली सवलतही नव्हे. नियम मोडणाऱ्याकडून नियमाचं नेमकं येणं काय असतं, हा प्रश्न तिच्यामागे आहे. शिक्षा की सत्य? दोन्ही एकाच वेळी वसूल होत नाहीत, हे विमानांच्या जगाला ९२ माणसं गमावल्यावर कळलं.

१ डिसेंबर १९७४, रविवार. टीडब्ल्यूए कंपनीचं ५१४ क्रमांकाचं बोइंग ७२७ वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळाकडे निघालं होतं. तिथे वारा आडवा आणि जोराचा, म्हणून ते डलस विमानतळाकडे वळवण्यात आलं. धावपट्टी अजून ४४ मैल दूर असताना कंट्रोलरनं उतरणीची परवानगी दिली. कॉकपिटमधलं संभाषण ध्वनिमुद्रित झालेलं आहे. कप्तान नकाशावर ३,४०० फुटांचा आकडा बघतो, त्याला तो खटकतो, आणि मग तो स्वतःच्या मनाची समजूत घालतो की परवानगी मिळाली म्हणजे खाली जायला हरकत नाही. विमान १,८०० फुटांकडे उतरू लागलं आणि डलसच्या बरंच अलीकडे, माउंट वेदर नावाच्या डोंगराच्या पश्चिम उतारावर आदळलं. वैमानिकाच्या लेखी त्या परवानगीचा अर्थ होता ‘खाली ये, वाट मोकळी आहे’. कंट्रोलरच्या लेखी अर्थ होता ‘ये, पण डोंगर तुझे तू सांभाळ’. दोघंही नियमाप्रमाणेच वागत होते. नियमातल्या एका शब्दाचे दोन अर्थ वर्षानुवर्षं शेजारी शेजारी नांदत होते, इतकंच.

चौकशीत निघालेली खरी जखम वेगळी होती. सहाच आठवड्यांपूर्वी युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान त्याच वाटेनं, त्याच गैरसमजातून, त्याच डोंगराला चाटून वाचलं होतं. युनायटेडमध्ये चुका मनमोकळेपणानं सांगायची अंतर्गत पद्धत होती, त्यामुळे त्या कंपनीच्या वैमानिकांना सावध केलं गेलं. टीडब्ल्यूएच्या कप्तानाला मात्र ते कळायला वाट नव्हती. मग १९७५ च्या मे महिन्यात एफएएनं स्वतःच योजना काढली: चुका आम्हाला कळवा, कारवाई करणार नाही. प्रतिसाद थंड. ठाणेदार कितीही गोड बोलला तरी आपण होऊन ठाण्यात जाऊन ‘साहेब, परवा माझ्याकडून एक चूक झाली’ म्हणणारा विरळाच. शेवटी एफएएला स्वतःच्या हाताला वगळून मधे तिसरा ठेवावा लागला. १९७६ च्या एप्रिलमध्ये नासाची ही नोंदयोजना सुरू झाली आणि आजवर तिच्याकडे वीस लाखांहून अधिक कबुल्या जमल्या आहेत.

कबुली हा शब्द मी जाणून वापरतो आहे. आधुनिक कायद्याच्या भाषेत ही व्यवस्था विचित्र दिसते, कारण त्या भाषेत अपराधापाठोपाठ येणारी मुख्य गोष्ट एकच, शिक्षा. आपल्याकडच्या धर्मशास्त्रात मात्र याची खाती दोन होती: दंड आणि प्रायश्चित्त. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या चौथ्या खंडात प्रायश्चित्ताचा सारा पसारा मांडला आहे. दंड राजाचा. तो बाहेरून येतो, पकडल्यावर येतो, आणि तो द्यायला अपराध्याची संमती लागत नाही. प्रायश्चित्त चुकणाऱ्यानं आपण होऊन मागायचं. त्यासाठी जाणत्यांच्या पर्षदेपुढे जायचं, काय झालं ते सांगायचं, आणि पर्षद जे व्रत सांगेल ते करायचं. आपलं पाप बोलून दाखवणं, ज्याला ‘ख्यापन’ म्हणतात, त्यालाच मनुस्मृती शुद्धीच्या साधनांत मोजते. चूक जाणून केली की अजाणता, यावर प्रायश्चित्त हलकं-भारी होतं. आणि याज्ञवल्क्यस्मृतीत तर एक फारच सूक्ष्म भेद आहे. दोष लोकांना ठाऊक झाला असेल तर पर्षदेनं सांगितलेलं व्रत करावं. तो कुणालाच ठाऊक नसेल तर ‘रहस्य’ व्रत करावं, म्हणजे गाजावाजा न करता. न पकडल्या गेलेल्या माणसासाठीही शास्त्रानं शुद्धीचं एक दार उघडं ठेवलं होतं.

आता नासाच्या फॉर्मच्या अटी बघा. चूक अजाणता झालेली हवी, हेतुपूर्वक नको. तो गुन्हा किंवा अपघात नसावा. मागच्या पाच वर्षांत नियमभंग सिद्ध झालेला नसावा. आणि घटनेनंतर दहा दिवसांच्या आत कबुली रवाना झालेली हवी, कारण उशिरा सुचलेला अनुताप बहुधा चौकशीची चाहूल लागल्यावरच सुचतो. हा आराखडा करणाऱ्यांनी याज्ञवल्क्य वाचला होता, असं काही मला सुचवायचं नाही. पण माणूस खरं केव्हा बोलतो, याचा विचार करत दोन्हीकडचे लोक जवळपास एकाच ठिकाणी येऊन पोचले. फरक एकच, आणि तो मोलाचा आहे. शास्त्रातल्या रहस्य प्रायश्चित्तात दोषीही झाकलेला राहतो आणि दोषही. त्यातून शुद्ध होतो तो एकटा करणारा. नासाच्या पद्धतीत दोषी झाकायचा आणि दोष मात्र चव्हाट्यावर मांडायचा. त्यातून दुसऱ्या कुठल्या तरी कप्तानाला डोंगर दिसतो. प्रायश्चित्ताचं फळ स्वतःला न मिळता अनोळखी माणसाला मिळावं, ही कल्पना मूळ शास्त्राच्याही एक पाऊल पुढे गेलेली आहे.

यावरून माझं म्हणणं असं, की नियम ही भविष्याविषयी केलेली अटकळ असते. अमुक उंची सांभाळली तर डोंगर लागणार नाही, इतके तास झोप मिळाली तर डोळा लागणार नाही. चांगल्या हेतूनं वागणाऱ्या माणसाकडून नियम मोडला जातो तेव्हा त्या अटकळीत कुठेतरी भोक आहे, अशी ती बातमी असते. दंड बातमी आणणाऱ्यालाच मारतो. नियमाचं अक्षर तेवढं धरून बसणारा अंमलदार महाभारताच्या कर्णपर्वातल्या कौशिकासारखा असतो. सत्यच बोलेन, या व्रताच्या हट्टापायी कौशिकानं लुटारूंना लपलेल्या माणसांची वाट दाखवली. तो शब्दशः खरं बोलला आणि नरकात गेला. ही गोष्ट कृष्ण अर्जुनाला सांगतो ती नेमकी अर्जुन स्वतःच्या प्रतिज्ञेचं अक्षर पाळायला मोठ्या भावावर तलवार उपसून उभा असताना. अमेरिकन नियमांनीही हे ओळखलेलं आहे. आणीबाणीत कप्तानाला गरजेपुरता कोणताही नियम बाजूला ठेवता येतो, असं कलम तिथे आहे. आपण त्याला आपद्धर्म म्हणतो.

मग वैमानिक चिडतात कशावर? त्यांची तक्रार नियमांविषयी कमी असते, दंडाच्या मोजमापाविषयी जास्त. ‘बेफिकिरीनं किंवा बेपर्वाईनं विमान चालवू नये’ असं एक सर्वसमावेशक कलम आहे. दुसरा कोणताही नियमभंग लावला की त्याच्या शेपटीला हेही बांधलं जातं. एक निरीक्षक ज्या गोष्टीवर दोन शब्द समजुतीचे सांगून सोडतो, त्याच गोष्टीवर दुसरा नोटीस काढतो. आणि लायसन्स ही अशी चीज आहे, की ती साठ दिवसांसाठी काढून घेतली तरी माणसाचं पोट, पत आणि ओळख तिन्ही एकदम जातात. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण बॉब हूव्हरचं. दुसऱ्या महायुद्धात विमान पाडलं गेल्यावर जर्मनांच्या कैदेत पडलेला आणि त्यांचंच विमान पळवून निसटलेला हा माणूस पुढे दोन्ही इंजिनं बंद करून हवेत कोलांट्या घेत अलगद उतरायचा, आणि विमान आडवं गरगरत असताना किटलीतून पेल्यात चहा ओतून दाखवायचा. १९९२ च्या जूनमध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या त्याच्या कसरती दोन निरीक्षकांनी बघितल्या. काही महिन्यांनी त्यांनी कळवलं, की सत्तरीच्या या वैमानिकाची क्षमता उतरणीला लागलेली दिसते. वैद्यकीय प्रमाणपत्र गेलं. सुनावणीत न्यायाधीशानं हूव्हरच्या बाजूनं दिलेला निकाल वरच्या मंडळानं फिरवला. ऑस्ट्रेलियानं मात्र त्याला तपासून परवाना दिला आणि तो तिकडे उडत राहिला. अमेरिकेत प्रमाणपत्र परत मिळायला १९९५ उजाडलं.

निरीक्षकांनी शंका घेतली, हा त्यांचा दोष नव्हे. सत्तर वर्षांच्या माणसाच्या मेंदूविषयी शंका घेणं हे त्यांचं कामच. दोष हा, की शंका सिद्ध होण्याआधीच शिक्षा सुरू झाली आणि ती चुकीची ठरवायची वाट जवळजवळ बंद होती. आदिपर्वातल्या मांडव्य ऋषीची कथा इथे आठवते. चोरांनी लूट त्याच्या आश्रमात लपवली. राजाच्या शिपायांनी विचारलं तेव्हा त्याचं मौनव्रत होतं. मौन म्हणजे कबुली, असं धरून राजानं त्याला सुळावर चढवलं. तो मेला नाही. राजाला चूक उमगली, पण सूळ पूर्ण निघेना. मग तो कापावा लागला आणि टोक, म्हणजे अणी, शरीरात तसंच राहिलं. म्हणून तो अणीमांडव्य. कथेचा खरा भाग यापुढे आहे. ऋषी थेट यमधर्माच्या दरबारात जातो आणि विचारतो, की कशाबद्दल मला हे भोगावं लागलं? उत्तर मिळतं, की लहानपणी तू किड्यांना गवताची काडी टोचली होतीस. त्यावर मांडव्य नुसता रडत नाही. एवढ्याशा अपराधाला एवढा दंड देणारा धर्मच अपराधी आहे, असं सांगून तो साक्षात धर्माला शाप देतो, आणि चौदा वर्षांच्या आतल्या वयात केलेल्या कृत्याचं पाप लागणार नाही, अशी नवी मर्यादा घालून देतो. धर्म विदुर होऊन जन्माला येतो. न्यायाधीशावर खटला चालवता येतो आणि तो हरला की कायदा बदलतो, ही गोष्ट आपल्या सर्वांत जुन्या ग्रंथांपैकी एकात इतक्या स्वच्छपणे आलेली आहे.

पहिला आक्षेप प्रवाशांच्या बाजूनं येतो, आणि तो हलका नाही. वैमानिक चुकतो तेव्हा मागे दीडशे माणसं पट्टे बांधून बसलेली असतात. त्यांना विचारून कुणी माफी देत नाही. २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्जच्या सहवैमानिकानं कप्तानाला कॉकपिटबाहेर कोंडून विमान आल्प्स पर्वतात घातलं. १५० जण गेले. त्याचं त्या काळातलं मानसिक आजारपण डॉक्टरांना माहीत होतं, कंपनीला नव्हतं. अशा वेळी कडक तपासणी, कडक बंदी हेच उत्तर नाही का? पण फ्रेंच चौकशी अहवालानंच दाखवलं, की त्याला लायसन्स जाण्याची, आणि त्यासोबत मिळकत जाण्याची भीती होती. बंदी कडक होती म्हणूनच तर आजार लपवला गेला. अमेरिकेत २०१० पर्यंत नैराश्यावरची औषधं घेणाऱ्याला उडायला मनाई होती. आजारी वैमानिकापुढे वाटा तीन: उपचार घेऊन जमिनीवर बसायचं, चोरून गोळ्या घ्यायच्या, किंवा गोळ्या न घेताच उडायचं. यातली शेवटची सर्वांत धोक्याची, आणि उडत राहायचं तर कागदोपत्री तीच सर्वांत निष्कलंक दिसणारी. त्या वर्षी एफएएनं चार औषधांना अटींसह परवानगी दिली आणि आधी लपवलेलं सांगून टाकायला सहा महिन्यांची मुदत दिली, त्या काळात सांगणाऱ्यावर दंडाची कारवाई नाही. पुन्हा तेच: ख्यापन, मुदत, मोकळीक. प्रवाशांचं हित वैमानिकाच्या भीतीत नसून त्याच्या बोलण्यात आहे, हे मला या आक्षेपाचं खरं उत्तर वाटतं. जाणूनबुजून केलेल्या खुनाला मात्र यातली कुठलीच व्यवस्था पुरी पडत नाही, हेही मान्य केलं पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार. माफी, सहकार्य, विश्वास हे शब्द वापरतच एफएएनं बोइंगला ७३७ मॅक्सची बरीचशी तपासणी स्वतःच करू दिली. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियात १८९ आणि पुढच्या मार्चमध्ये इथिओपियात १५७ माणसं त्या विमानात मेली. मऊपणाची किंमत ही अशी. मला वाटतं, या उदाहरणाचा रोख चुकतो. २०२१ मध्ये बोइंगवर अमेरिकन सरकारनं ठेवलेला आरोप ढिलाईचा नव्हता, नियामकाची फसवणूक केल्याचा होता. विमानाचं नाक आपोआप खाली दाबणाऱ्या यंत्रणेविषयीची माहिती एफएएच्या अधिकाऱ्यांपासून दडवली गेली होती. म्हणजे रेघ कडक आणि मऊ यांच्यामध्ये ओढायची नाही. ती सांगणारा आणि दडवणारा यांच्यामध्ये ओढायची. प्रायश्चित्ताचं दार बोलणाऱ्यासाठी उघडं. दडवणाऱ्यासाठी दंड, आणि तो सणसणीत. २०१५ साली एफएएनं जे नवं धोरण आणलं ते कागदावर तरी हेच म्हणतं, की ज्याला नियम पाळायचे आहेत आणि जमतात त्याला शिकवा, बाकीच्यांवर खटले भरा.

तिसरा आक्षेप मराठी वाचकाच्या मनात एव्हाना आलाच असेल. ज्या मनुस्मृतीतून ख्यापनाचं कौतुक करता, तिच्यातच एकाच अपराधाला वर्णाप्रमाणे वेगवेगळे दंड आहेत. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती जाळली गेली ती उगाच नव्हे. खरं आहे, आणि म्हणूनच मी तिच्यातला भेद घेतो, तिचा तराजू घेत नाही. पण तराजूची आठवण इथे उपयोगी पडते, कारण दंडाच्या अंमलबजावणीतली विषमता ग्रंथ जाळल्यानं संपत नाही, ती लेखी नसतानाही चालते. २०१० मध्ये सिनेटर जिम इनहॉफ यांनी टेक्सासमधल्या एका बंद धावपट्टीवर आपलं विमान उतरवलं. धावपट्टीवर मोठी फुली मारलेली होती आणि कामगार काम करत होते. इनहॉफ यांना फेरप्रशिक्षणावर मोकळं केलं गेलं. मग त्याच इनहॉफ यांनी ‘वैमानिकांच्या हक्कांचा कायदा’ लिहिला आणि २०१२ मध्ये तो मंजूर करवून घेतला: चौकशी कशाबद्दल आहे हे वैमानिकाला कळवायचं, उत्तर न देण्याचा हक्क त्याला आहे हे सांगायचं, सरकारकडचा पुरावा त्याला दाखवायचा, आणि एफएए नियमाचा जो अर्थ लावेल तोच अपिलाच्या मंडळानं डोळे मिटून धरायचा नाही. कायदा चांगला आहे. मांडव्याला मौनाचा हक्क इतक्या उशिरा का होईना मिळाला म्हणायचा. पण हूव्हरनं तीन वर्षं झगडून जे फारसं हलवलं नाही, ते सत्तेतल्या माणसाला एका चुकीच्या उतरणीनंतर हलवता आलं, हेही त्यातच लिहिलेलं आहे.

भारतात हा प्रश्न आणखी उघडावाघडा दिसतो. दारूच्या चाचणीचं कडकपण मला पटतं. पहिल्यांदा सापडला तर तीन महिने, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा लायसन्स रद्द. इथल्या नियामकानं, डीजीसीएनं, तर अल्कोहोल असलेल्या माउथवॉशलाही मनाई करून टाकली. रेघ आधी सांगितलेली, सर्वांना सारखी, अर्थाला जागा नाही, तिथे तक्रार कसली? पण नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क-दिल्ली विमानात एका प्रवाशानं सहप्रवासी स्त्रीवर लघवी केली, त्या प्रकरणात एअर इंडियाला ३० लाखांचा दंड झाला आणि कप्तानाचं लायसन्स तीन महिने निलंबित झालं. वैमानिक संघटना खवळल्या. कंपनीला तीस लाख म्हणजे किती, आणि माणसाला तीन महिने म्हणजे किती, हा हिशेब कुणीही करावा. मग थकव्याचे नियम घ्या. वैमानिकांना न्यायालयापर्यंत जावं लागलं तेव्हा कुठे आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर आली आणि रात्रीच्या उतरणी सहावरून दोनवर. १ नोव्हेंबर २०२५ पासून ते पूर्णपणे लागू झाले. या नियमांसाठीची तयारी अपुरी पडून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, विमानतळांवर माणसांचे आणि बॅगांचे ढीग लागले, आणि नियामकानं त्याच कंपनीला रात्रपाळीच्या अटींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. अडकलेल्या प्रवाशांकडे बघता दुसरं काय करणार होते, हा प्रश्न रास्त आहे. तरीही एकट्या थकलेल्या माणसासाठी जो नियम दगडाचा, तो मोठ्या कंपनीसाठी मेणाचा होतो, हे वैमानिकाला दिसल्याशिवाय राहत नाही. असं दिसलं की तो फॉर्म भरायचा थांबतो.

मनुस्मृतीत एक श्लोक असा आहे, की सामान्य माणसाला जिथे एक कार्षापण दंड, तिथे राजाला हजार. ज्याला अधिक कळतं आणि ज्याच्या हाती अधिक आहे, त्याचा अपराध मोठा, हे सूत्र त्यामागे. नियामक वैमानिकाला हेच ऐकवत असतात: तू प्रशिक्षित आहेस, तुला माफी नाही. ठीक. पण मग नियामकाला हजार कोण लावणार? मराठी माणूस लहानपणापासून ऐकतो, की नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. त्या वाक्यातल्या शब्दाकडे सहसा लक्ष जात नाही. फाशी नव्हे, प्रायश्चित्त. दंडाचा मालक स्वतः राज्यकर्ता असतो तेव्हा त्याच्यावर दंड चालवणारा हात उरत नाही. शास्त्र्याला सांगता येतं ते प्रायश्चित्तच, आणि ते घ्यायचं की नाही हे ऐकणाऱ्यावर.

२९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या त्याच नॅशनल विमानतळाजवळ, जिथे १९७४ साली टीडब्ल्यूएचं विमान पोचू शकलं नाही, एक प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळली. ६७ माणसं पोटोमॅक नदीत गेली. अपघात चौकशी मंडळाच्या प्राथमिक अहवालात दोन आकडे आहेत. हेलिकॉप्टरला नेमून दिलेली वाट आणि ३३ क्रमांकाच्या धावपट्टीकडे उतरणाऱ्या विमानाची वाट, दोन्ही नियमाप्रमाणे तंतोतंत पाळल्या तरी त्यांच्यात काही ठिकाणी अवघं ७५ फुटांचं अंतर राहत होतं. आणि ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळाभोवती विमानं आणि हेलिकॉप्टरं एकमेकांच्या जवळ आल्याच्या १५,२१४ नोंदी सरकारी माहितीसाठ्यात पडून होत्या. नासाकडेही वैमानिकांनी तिथल्या हेलिकॉप्टरांविषयी लिहून कळवलेलं होतं. पट्ट्या वेगळ्या झाल्या होत्या, शिक्के मारून परत गेल्या होत्या. नकाशावरचा हेलिकॉप्टरच्या वाटेचा तो तुकडा एफएएनं कायमचा बंद केला तो मार्च २०२५ मध्ये.